काटा खाली आला आणि साडेसोळा हजार गेले

यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणीला आणायला धुळ्याला गेलो होतो. परतताना अमळनेरच्या अलीकडे भर दुपारी गाडी बंद पडली. डिझेल संपलं होतं, आणि डिझेलचा काटा मात्र लाल पट्टीच्या चांगला वर. एका मेकॅनिकने महिनाभरापूर्वी मला कसं बनवलं होतं, ते त्या काट्यामुळे उघडं पडलं.

गाडी 1998 ची महिंद्रा कमांडर जीप. दुसऱ्या हाताची. आधीच्या मालकाने डॅशबोर्ड केव्हातरी बदललेला, त्यातले मीटर कुठल्या गाडीचे ते देव जाणे. मार्चमध्ये टेंपरेचरचा काटा चढायला लागला. चोपड्याहून निघालं की पाच-सात किलोमीटर ठीक, मग सरळ 'एच'ला (हॉट) जाऊन टेकायचा. बोनेट उघडून पाहिलं तर वाफ नाही, खदखद नाही. रेडिएटरमधलं पाणी आठवडाभर तेवढंच. ऑइलची पट्टी ओढून पाहिली, तेही काळंच, चहासारखं झालेलं नाही. एवढं सगळं डोळ्यांनी पाहूनही मी विश्वास ठेवला तो काट्यावर. त्याच दिवसांत डिझेलचा काटाही बराच वेळ वर राहत होता. मी घरात सांगत सुटलो की एअर फिल्टर साफ केल्यापासून ॲव्हरेज वाढलाय! आता आठवलं की लाज वाटते.

तालुक्याच्या गावातल्या एका गॅरेजवर गाडी नेली. माणूस बोलायला गोड. चहा मागवला, आमच्या भाऊबंदांपैकी दोघांची नावं घेतली, "आण्णा, तुम्ही तर घरचेच" वगैरे. आधी पाणी बदलून पाहू म्हणाला. रेडिएटरचं सगळं पाणी सोडलं, नवं भरलं, झाकण उघडं ठेवूनच इंजिन चालू केलं आणि मला जवळ बोलावलं. "बघा, बुडबुडे येताहेत ना? हेड गॅस्केट उडालं. कॉम्प्रेशनची हवा पाण्यात घुसतेय." हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, आणि गॅस्केट म्हणजे त्याच्याखालची सील करणारी पट्टी. बुडबुडे खरंच येत होते. मला काय कळणार! पाणी नव्याने भरलं की आत अडकलेली हवा थोडा वेळ बुडबुड्यांनीच बाहेर येते, कोणत्याही धडधाकट इंजिनात येते, हे मला नंतर समजलं. गॅस्केट खरंच गेलं असेल तर बुडबुडे थांबत नाहीत, पाणी कमी होत जातं, बऱ्याचदा सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं.

तीन दिवस गाडी तिथे. गॅस्केट, हेड फेसिंग, कूलंट, मजुरी मिळून साडेसोळा हजार. चौथ्या दिवशी एक काळंकुट्ट गॅस्केट हातात दिलं, "हे तुमचं जुनं." बिल म्हणजे वहीचं फाडलेलं पान, त्यावर पाच आकडे. ना गॅरेजचं नाव, ना सही. पण गाडी चालवली आणि काटा बरोबर मधे! मी खूश. वर पन्नास रुपये पोराला चहापाण्याला दिले.

आता अमळनेरच्या रस्त्यावर या. बहीण आणि दोन भाचे बाभळीच्या अर्ध्या सावलीत, पाण्याची बाटली संपत आलेली. एका दुचाकीवाल्याने पुढच्या फाट्यावरून एक म्हातारा मेकॅनिक आणून दिला. त्याने पाच लिटर डिझेल ओतलं, डिझेलच्या पाइपात शिरलेली एअर काढली, गाडी चालू केली. मग काट्याकडे बघून विचारलं, "आप्पा, टेंपरेचरना काटा बी वर जाये का?" म्हटलं जायचा, पण आता गॅस्केट बदललंय. तो काही बोलला नाही. बोनेट उघडून हेडच्या नटांवरून बोट फिरवलं आणि ते मला दाखवलं. नटांच्या खाचांत ऑइल आणि धुळीचा दगडासारखा थर. हेडला बसवलेल्या मॅनिफोल्डचे (हवा-धुराच्या नळ्यांचे) नट गंजून एकजीव झालेले. पाना लागला असता तर तो थर फुटला नसता का?

मग तो डॅशबोर्डखाली आडवा झाला. जुन्या मीटरांच्या मागे एक चपटी डबी असते, व्होल्टेज स्टॅबिलायझर. बॅटरीचं व्होल्टेज कमी-जास्त होतं, पण डबी दोन्ही काट्यांना साधारण दहा व्होल्टच सोडते. तिचं अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीशी जोड, होतं ते तिच्या पत्र्यातून, एका स्क्रूने. आमचा स्क्रू सैल होऊन गंजला होता. अर्थिंग तुटलं की डबी काम सोडते आणि बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज काट्यांवर जातं. म्हणून दोन्ही काटे एकदम वर. एकच काटा चढला तर त्याचा सेन्सर किंवा त्याची वायर बघायची, नाहीतर इंजिन खरंच तापलेलं. दोन्ही बरोबर चढले तर इंजिनला हात लावायच्या आधी मीटरच्या मागे बघायचं. माझा 'वाढलेला ॲव्हरेज' तो हाच.

त्याने स्क्रू काढला, पॉलिश पेपरने घासला, आवळला. डिझेलचा काटा खाली आला, पाच लिटरला शोभेल इतका. पण टेंपरेचरचा काटा पार 'सी'ला (कोल्ड) जाऊन चिकटला, आणि इंजिन तर गरम! म्हाताऱ्याकडे टेंपरेचर मोजायची बंदूक होती, कोरोनात कपाळावर धरायचे तसली, पण ही इंजिनांसाठीची. थर्मोस्टॅटच्या घरावर धरली तर 84 अंश. म्हणजे काटा मधे असायला हवा.

"काहीतरी घालेल शे याम्हा" (यात काहीतरी घातलंय) म्हणत त्याने सेन्सरची वायर चाचपली. एका जागी काळी टेप जरा जास्तच जाड. ब्लेडने कापली तर आत तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला रोध करणारा तुकडा, रंगीत पट्ट्यांचा. सेन्सर गरम झाला की त्याचा रोध कमी होतो आणि काटा चढतो. मधे जास्तीचा रोध घातला की काटा तेवढा मागे राहतो. साडेसोळा हजारात मला मिळालेलं काम ते हे, दुकानात एक-दोन रुपयांना मिळणारं.

पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण खरा राग वेगळ्याचा आहे. उद्या पंख्याचा पट्टा तुटला असता किंवा होज फुटला असता तर काटा मागेच राहिला असता, मला वेळेत कळलं नसतं आणि वैशाखाच्या उन्हात इंजिन जाम झालं असतं. तेव्हा मात्र हेड खरंच गेलं असतं.

रेझिस्टन्स काढून वायर जोडली आणि काटा मधे आला. मग त्याने मला शिकवलं: चावी चालू ठेवून सेन्सरची वायर काढली की काटा 'सी'ला पडायला हवा, तीच वायर क्षणभर बॉडीला टेकवली की चढायला हवा. तसं झालं तर वायर आणि मीटर जिवंत आहेत असं समजायचं. बहुतेक जुन्या गाड्यांना हे लागू पडतं, नव्या कॉम्प्युटरवाल्या गाड्यांत करू नका. डिझेल सोडून त्याने तीनशे घेतले.

परत त्या गॅरेजवर गेलो. तो शांतपणे म्हणाला, "काटा खाली आला होता की नाही?" नटांचा फोटो दाखवल्यावर सूर बदलला, तीन हजार काढून टेबलावर ठेवले आणि ती चिठ्ठी परत मागितली. मी पैसे घेतले नाहीत, चिठ्ठीही दिली नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं तर पक्कं बिल हवं होतं असं सगळेच सांगतात. माझ्याकडे ते पान आहे, तो रेझिस्टन्स आहे, आणि भलत्याच कुठल्यातरी इंजिनाचं एक गॅस्केट. म्हाताऱ्याने ते आमच्या हेडवर धरून पाहिलं होतं, भोकं जुळत नाहीत.