४एल६०-ई गिअरबॉक्स पुन्हा बांधताना घेतलेले सुधारित भाग: वापरानंतरचे परीक्षण

ह्यूस्टनला राहायला आल्यापासून माझ्याकडे १९९९ ची शेव्हरोले सिल्व्हराडो १५०० आहे. इंजिन ५.३ लिटरचे व्ही-८ आणि त्यामागे जनरल मोटर्सचा ४एल६०-ई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ऑस्टिनच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांतून ट्रेलर ओढून परतताना दुसरा गिअर, चौथा गिअर आणि रिव्हर्स हे तिन्ही एकदमच गेले. पहिला आणि तिसरा तेवढा शाबूत राहिला. या गिअरबॉक्सशी ज्यांचा संबंध येतो त्यांना एवढ्या लक्षणांवरूनच निदान करता येते: सन शेल, म्हणजे मधल्या ‘सन’ गिअरला धरणारे पत्र्याचे भांडे, तुटले.

पुढे जे भाग घेतले त्यांविषयी सविस्तर लिहितो, कारण या गिअरबॉक्ससाठी बाजारात इतके ‘हेवी ड्यूटी’ भाग मिळतात की सगळे घ्यायचे म्हटले तर खर्च जुन्या गाडीच्या किमतीला भिडेल. साधे इंजिन आणि अधूनमधून ट्रेलर, एवढ्यासाठी त्यांतले थोडेच भाग खरोखर लागतात.

आधी सन शेल. दुसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये बँड (ड्रमभोवतीचा पट्टा) बाहेरच्या ड्रमला आवळून धरतो, तो ड्रम शेलमध्ये अडकलेला असतो आणि शेलच्या गळ्यातले दाते मागच्या सन गिअरला धरतात. रिव्हर्समध्ये त्याच शेलमधून जोर सन गिअरपर्यंत पोहोचतो. तिन्ही गिअर एकाच पत्र्याच्या भांड्यावर अवलंबून असतात, ते असे. माझ्या शेलचा गळा मूळ भांड्यापासून गोल फाटून सुटला होता, आणि फाटलेली कड घासून घासून आरशासारखी चकचकीत झाली होती. म्हणजे तडा बराच आधी गेला असला पाहिजे. त्या जागी सोनॅक्स कंपनीचे ‘स्मार्ट-शेल’ बसवले. ‘बीस्ट’ या नावाने मिळणारे जाड शेल त्याहून स्वस्त आहे आणि अनेक कारागीर तेच वापरतात. पण माझ्या मते मूळ नमुन्याचे शेल पुन्हा घालणे सोडून या दोन्हींपैकी काहीही चालेल.

तीन-चारच्या क्लचवर, म्हणजे एकमेकांवर दाबून पकड घेणाऱ्या प्लेटच्या संचावर, मी सर्वांत जास्त विचार केला. तिसरा आणि चौथा हे दोन्ही गिअर याच क्लचवर चालतात, आणि हा गिअरबॉक्स जळतो तो बहुधा येथूनच. माझ्या प्लेट कोळशासारख्या काळ्या पडल्या होत्या. अजून कशाबशा पकडत होत्या, एवढेच. पहिला संच ऑनलाइन मागवला तो फसला: प्लेट ठरल्यापेक्षा जाड निघाल्या, सगळ्या ड्रममध्ये रचल्यावर वरची स्नॅप रिंग खाचेत बसेना, आणि विक्रेत्याने परत घेण्यास नकार दिला. त्यानंतर बोर्ग-वॉर्नरच्या उच्च तापमान सोसणाऱ्या लायनरच्या प्लेट आणि पूर्ण जाडीच्या स्टील प्लेट घेतल्या. अधिक संख्येने पातळ प्लेट घालणारे संचही मिळतात आणि घर्षणाचे पृष्ठ वाढल्याने त्यांची पकड वाढते हे खरे. परंतु घसरणीतून निर्माण होणारी उष्णता शोषते ती स्टील, आणि टेक्सासच्या उन्हात चढावर ओझे ओढणाऱ्या गाडीत मला ती जाडी कमी करणे पटले नाही.

कॉर्व्हेट सर्वो हा सगळ्यांत स्वस्त आणि तरीही सर्वांत लवकर जाणवणारा बदल. मोठ्या व्यासाचा हा पिस्टन दुसऱ्या गिअरला बँड अधिक जोराने आवळतो, त्यामुळे पहिल्यातून दुसऱ्यात जाताना होणारी घसरण कमी होते. मला तो ४० डॉलरच्या आसपास पडला. जुना काढून नवा घालताना बँडला ढकलणाऱ्या पिनचा प्रवास तपासून घ्यावा.

मात्र खरा दोष व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे तेलाचा दाब वाटून देणाऱ्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्यात होता, असे माझे ठाम मत झाले आहे. शेल तुटण्याच्या कितीतरी महिने आधीपासून पी १८७० हा कोड (गिअरबॉक्समध्ये घसरण होत असल्याचा गाडीच्या संगणकाचा इशारा) येत होता. कन्व्हर्टर क्लचचा (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना थेट जोडणाऱ्या क्लचचा) दाब राखणारा व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमच्या बोअरमध्ये, म्हणजे त्याच्या गोल भोकात, सतत मागेपुढे होतो, बोअर झिजतो, दाब गळतो आणि क्लच घसरत राहून तेल तापवतो. इतर कितीही मजबूत भाग घाला, हा बोअर तसाच ठेवला तर नव्या प्लेटनाही तेच करपलेले तेल मिळणार. सोनॅक्सचा मोठ्या मापाचा व्हॉल्व्ह घेतला. त्यासाठी बोअर रीमरने मोठा करावा लागतो, म्हणून ते काम घरी न करता मशीन शॉपकडून करून घेतले. सोबत गिअर बदलणे अधिक घट्ट करणारे ट्रान्सगोचे एचडी-२ किट वापरले. सेपरेटर प्लेटची (व्हॉल्व्ह बॉडीला लागून असलेल्या, तेलाच्या छिद्रांच्या पत्र्याची) छिद्रे मात्र सुचवलेल्या मापांपैकी सर्वांत लहान मापाचीच पाडली, कारण छिद्र मोठे करणे सोपे असते, लहान करता येत नाही.

पाच पिनियनचे (सन गिअरभोवती फिरणाऱ्या लहान गिअरांचे) प्लॅनेट संच, जे ४एल६५-ई या अधिक मजबूत गिअरबॉक्समध्ये येतात, ते मी घेतले नाहीत. माझ्या इंजिनाची ताकद मूळचीच आहे आणि जुन्या चार पिनियनच्या प्लॅनेटवर झिजेची खूण नव्हती. वाचलेल्या पैशांतून रेडिएटरच्या पुढे वेगळा तेलाचा कूलर बसवला आणि जुन्या नळ्या धुऊन घेतल्या.

इनपुट शाफ्टवरच्या टेफ्लॉनच्या रिंगांनी अर्धा दिवस घेतला. गरम पाण्यात मऊ करून त्या चढवाव्या लागतात आणि नंतर आवळून मूळ मापावर आणाव्या लागतात. घाई केल्यास ड्रम बसवताना रिंग कापली जाते आणि बाहेरून काहीच कळत नाही. ड्रम बसवल्यावर हवेचा दाब देऊन प्रत्येक क्लच तपासला.

आज १४ महिने आणि सुमारे ११,००० मैल झाले. मागच्या महिन्यात पॅन (गिअरबॉक्सखालचे तेलाचे ताट) उतरवला तेव्हा आतले डेक्स्रॉन-६ तेल अजून लालच होते आणि चुंबकावर नखाने खरवडता येईल इतकाच करडा लेप होता. पी १८७० पुन्हा आलेला नाही. तक्रार एकच: थंड सकाळी पहिल्यातून दुसऱ्यात जाताना झटका बसतो, आणि तेल तापेपर्यंत, म्हणजे पहिले दोन-तीन मैल, तो जात नाही.