गोलरक्षकाचा फाऊल आणि व्हीएआर: एका सेवेचे परीक्षण

फुटबॉलमधील व्हिडिओ साहाय्यक पंच, म्हणजेच व्हीएआर, ही वेगळ्या कक्षात बसून सामन्याचे चित्रण तपासणाऱ्या पंचांची सेवा मैदानावरील पंचांच्या मदतीसाठी असली तरी तिच्या निर्णयाचे बरेवाईट परिणाम प्रेक्षकाला सोसावे लागतात, म्हणून हे परीक्षण मी प्रेक्षकाच्या बाजूने लिहीत आहे. ऑफसाइड (चेंडू दिला जाताना आक्रमक खेळाडू बचावफळीच्या पुढे असणे) होते की नव्हते, फाऊल पेनल्टी क्षेत्राच्या आत झाला की बाहेर, अशा प्रश्नांची उत्तरे ही सेवा विश्वासाने देते आणि तिथे माझी फारशी तक्रार नाही. तिचा खरा कस लागतो तो गोलरक्षक गोल सोडून पुढे झेपावतो, चेंडूपर्यंत पोहोचण्याच्या प्रयत्नात समोरच्या खेळाडूवर आदळतो आणि पंच शिट्टी वाजवत नाहीत, किंवा वाजवतात आणि अर्धे स्टेडियम खवळून उठते, तेव्हा. त्या एका प्रसंगापुरती ही सेवा पारखली, तर ती मला अपुरी वाटते.

ती येण्यापूर्वी काय परिस्थिती होती हे मात्र विसरता कामा नये. 8 जुलै 1982 रोजी सेव्हिल येथे झालेल्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात पश्चिम जर्मनीचा गोलरक्षक हाराल्ड शूमाखर फ्रान्सच्या पॅट्रिक बॅटिस्टनवर हवेतूनच जाऊन आदळला. बदली खेळाडू म्हणून मैदानात आलेला बॅटिस्टन बेशुद्ध पडला, त्याचे दात तुटले, मणक्याला इजा झाली आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. डच पंच चार्ल्स कोर्व्हर यांनी ना फाऊल दिला, ना कार्ड दाखवले. चेंडू गोलाबाहेर गेला होता, म्हणून खेळ गोल किकने, म्हणजे जर्मनीच्याच फटक्याने, पुढे सुरू झाला. सामना 3-3 असा बरोबरीत सुटला आणि जर्मनीने तो पेनल्टी शूटआउटमध्ये जिंकला. आजच्या व्यवस्थेत असा प्रसंग दुर्लक्षित राहणे जवळपास अशक्य आहे. व्हीएआर असावे की नसावे, या वादात मी ‘असावे’ या बाजूला आहे, त्याचे मुख्य कारण हेच.

फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आयएफएबी या मंडळाने 2018 मध्ये ही सेवा नियमांत अधिकृतपणे समाविष्ट केली आणि त्याच वर्षी रशियात ती विश्वचषकात पहिल्यांदा वापरली गेली. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला झालेली शिक्षा, अशा चार बाबतींत तिचा वापर ठरवून दिला गेला. या बाबतींतही व्हिडिओ कक्षातील पंचाने मध्ये पडायचे ते मैदानावरील पंचाची चूक स्पष्ट आणि उघड असेल तेव्हाच, किंवा एखादी गंभीर घटना त्याच्या नजरेतून पूर्णपणे सुटली असेल तेव्हा. म्हणजे प्रेक्षकाचा प्रश्न असतो, “हा फाऊल होता का?” आणि व्हीएआर ज्याचे उत्तर शोधत असते तो प्रश्न असतो, “पंचाचा निर्णय उघडपणे चुकीचा आहे का?” हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि गोलरक्षकाच्या फाऊलवरून पेटणारे बहुतेक वाद या दोहोंमधल्या जागेत अडकून पडतात.

त्याची दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. 30 नोव्हेंबर 2022 रोजी कतारमधील विश्वचषकात पोलंडचा गोलरक्षक व्होइचेख श्चेन्स्नी उंच चेंडूसाठी उडी मारताना त्याचा हात अर्जेंटिनाच्या लिओनेल मेस्सीच्या चेहऱ्याला लागला. मेस्सीने तोवर चेंडूला डोके लावले होते आणि चेंडू बाहेर गेला होता. पंच डॅनी माकेली यांना चित्रण पाहण्यासाठी मैदानालगतच्या पडद्यासमोर बोलावण्यात आले आणि त्यांनी पेनल्टी दिली, जी श्चेन्स्नीने अडवलीही. पुढे 14 ऑगस्ट 2023 रोजी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील मँचेस्टर युनायटेड आणि वुल्व्हज यांच्या सामन्यात, युनायटेड 1-0 ने पुढे असताना, भरपाईच्या वेळेत युनायटेडचा गोलरक्षक आंद्रे ओनाना उंच चेंडूवर धावून गेला, त्याला चेंडू मिळाला नाही आणि तो वुल्व्हजच्या साशा कालायजिचवर सर्व शक्तीनिशी आदळला. पंचांनी फाऊल दिला नाही, व्हिडिओ कक्षाने प्रसंग तपासला आणि पंचांना पडद्यासमोर बोलावण्याची गरज नाही असे ठरवले. सामना तसाच संपला. आपली पेनल्टी नाकारणे चुकीचे होते असे पंच संघटनेच्या अधिकाऱ्याने मान्य करून क्षमा मागितल्याचे वुल्व्हजचे प्रशिक्षक गॅरी ओनील यांनी सामन्यानंतर सांगितले.

या दोन स्पर्धा वेगळ्या, पंच वेगळे आणि हस्तक्षेपाबाबतची त्यांची धोरणेही वेगळी, हे मला मान्य आहे. तरीसुद्धा ओझरत्या स्पर्शाला पेनल्टी आणि संपूर्ण देहाच्या धडकेला काहीच नाही, असे दोन निकाल एकच सेवा देत असेल, तर “कोणता निकष लावला?” असे विचारण्याचा प्रेक्षकाला पूर्ण अधिकार आहे. दुसऱ्या प्रसंगात तर चूक शोधण्यासाठीच नेमलेल्या माणसासमोर चूक असूनही ती उघड ठरली नाही. माझ्या मते उपकरणे पुरेशी होती. चुकला तो निर्णय बदलण्यासाठी लागणाऱ्या खात्रीचा उंबरठा, जो अशा प्रसंगांत नको तितका वर नेऊन ठेवला गेला आहे.

चाहत्यांच्या बाजूलाही काही गैरसमज घट्ट रुजलेले आहेत आणि ते दूर करण्याची संधी ही सेवा दर वेळी वाया घालवते. “गोलरक्षकाचा हात आधी चेंडूला लागला, म्हणजे फाऊल नाही” हा युक्तिवाद सर्रास ऐकू येतो, पण आजच्या नियमांत अशी सूट कुठेही नाही. चेंडूला स्पर्श झाल्यानंतरही धडक बेपर्वा किंवा अतिरिक्त जोराची असेल तर फाऊल होतो आणि कार्डही मिळू शकते. “तो शेवटचा बचावपटू होता, म्हणून लाल कार्ड” हेही तितकेच निराधार आहे. गोलची उघड संधी हिरावली गेली की नाही हे ठरवताना फाऊलच्या जागेचे गोलपासूनचे अंतर, खेळाची दिशा, आक्रमकाला चेंडूवर ताबा मिळण्याची शक्यता आणि बचावपटूंची जागा व संख्या यांचा एकत्रित विचार करायचा असतो. शिवाय 2016 पासून पेनल्टी क्षेत्रात गोलरक्षकाने चेंडूसाठी प्रामाणिक प्रयत्न करताना फाऊल केला आणि पेनल्टी दिली गेली, तर संधी हिरावल्याबद्दल लाल नव्हे, पिवळे कार्ड दिले जाते, कारण पेनल्टी, हकालपट्टी आणि पुढील सामन्याची बंदी अशी तिहेरी शिक्षा अन्यायाची ठरत होती. गोलसमोरच्या छोट्या चौकटीत गोलरक्षकाला हात लावायचाच नाही, ही समजूतही नियमांत सापडत नाही. चेंडू त्याच्या हातांच्या ताब्यात असताना त्याला आव्हान देता येत नाही, हे खरे, पण हा नियम त्या चौकटीपुरता मर्यादित नाही.

यातले फारसे काही निर्णयाच्या वेळी सांगितले जात नाही. प्रेक्षकाला बहुतेक वेळा दिसतो कानातल्या संपर्कयंत्रावर हात ठेवून उभा असलेला पंच, मग मंदगतीतील चित्रफीत आणि मग निकाल. त्या मंदगती चित्रणाविषयीही सांगायला हवे. चेंडूला किंवा शरीराला स्पर्श कुठे झाला हे पाहण्यासाठी मंदगती आणि धडकेची तीव्रता जोखण्यासाठी नेहमीचा वेग, असा दंडक व्हीएआरच्या कार्यपद्धतीतच आहे. तो रास्त आहे, कारण मंदगतीत कोणतीही झेप मुद्दाम केलेली आणि क्रूर भासते. घरी बसलेल्या चाहत्याला मात्र प्रक्षेपणात तीच धडक पुन्हा पुन्हा मंदगतीत दाखवली जाते आणि पंचाने कोणत्या वेगात काय पाहिले हे त्याला कळत नाही. एकाच घटनेची दोन वेगळी चित्रे पाहून दोन माणसे भांडतात, यात नवल ते काय?

सेवेतील सर्वांत गंभीर उणीव 17 ऑक्टोबर 2020 रोजी एव्हर्टन आणि लिव्हरपूल यांच्या सामन्यात दिसली. एव्हर्टनचा गोलरक्षक जॉर्डन पिकफर्ड याच्या धडकेत लिव्हरपूलच्या व्हर्जिल व्हॅन डाइकच्या गुडघ्याचा अस्थिबंध निकामी झाला आणि त्याचा तो हंगामच संपला. व्हॅन डाइक ऑफसाइड होता, त्यामुळे पेनल्टीचा प्रश्न मिटला. परंतु ऑफसाइडमुळे धोकादायक धडकेची शिक्षा माफ होत नाही, लाल कार्ड तरीही देता येते. सर्वांचे लक्ष ऑफसाइडवर खिळल्याने धडकेचा जितका विचार व्हायला हवा होता तितका झाला नाही, हे पंच मायकल ऑलिव्हर यांनी पुढे स्वतःच मान्य केले. ज्या कक्षात एकाच प्रसंगाचे दोन भाग स्वतंत्रपणे तपासण्याची शिस्त नाही, तिथे कॅमेरे कितीही वाढवले तरी खेळाडूचे रक्षण होणार नाही.

काही गोष्टी मात्र या सेवेच्या आवाक्यातच नाहीत. 2006 च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात आर्सेनलचा गोलरक्षक येन्स लेहमन याने बार्सिलोनाच्या सॅम्युएल एटोला पाडले, चेंडू एटोचा सहकारी जूलीने जाळ्यात धाडला, पण शिट्टी आधीच वाजली होती. तो गोल धरला गेला नाही आणि लेहमनही लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. शिट्टीने थांबलेला खेळ आजचे व्हीएआरही मागे जाऊन जिवंत करू शकत नाही. अशा वेळी क्षणभर थांबण्याचा संयम पंचाकडेच असावा लागतो.

निकालासोबत कारण मिळण्याच्या दिशेने एक पाऊल 2023 च्या महिला विश्वचषकात पडले, जिथे पंचांनी पडद्यावर तपासलेला निर्णय ध्वनिवर्धकावरून स्टेडियममध्ये जाहीर केला. क्रिकेटचा चाहता तिसऱ्या पंचाचे संपूर्ण संभाषण प्रक्षेपणात ऐकतो, निर्णय पटला नाही तरी तो कसा झाला हे त्याला कळते, आणि फुटबॉलच्या चाहत्याला तेवढे मिळू नये याचे सबळ कारण मला दिसत नाही. पडद्यासमोर न जाता कक्षातच मिटवलेल्या तपासण्यांनाही ही घोषणा लागू व्हावी, कारण ओनानाच्या प्रसंगासारख्या चुका तिथेच दडतात. ऑफसाइडसाठी मी ही सेवा निःशंकपणे चांगली म्हणेन. गोलरक्षकाच्या फाऊलसाठी तसे म्हणण्यापूर्वी मला पंचाच्या तोंडून एवढे ऐकायचे आहे: स्पर्श कुठे झाला, धडक निष्काळजी होती, बेपर्वा होती की अतिरिक्त जोराची, गोलची उघड संधी होती की नव्हती, आणि मूळ निर्णय कायम ठेवला असेल तर तो योग्य वाटला म्हणून, की केवळ बदलण्याइतकी खात्री नव्हती म्हणून.