रास्पबेरी पाय ४ घरात चोवीस तास: सोलापूरचा उन्हाळा-पावसाळा काढल्यावरचा अनुभव

रास्पबेरी पाय म्हणजे तळहाताएवढा, एकाच सर्किट बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर, थोडक्यात 'पाय'. त्यातला ४ जीबी रॅमचा पाय ४ गेल्या थंडीत घेतला. तेव्हापासून तो टीव्हीच्या मागे, राउटरशेजारी चालूच आहे. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, लॅनची एक वायर आणि एक एसएसडी एवढाच पसारा. कॉम्प्युटर म्हणून टेबलावर मांडून वापरायचा विचार असेल तर घेऊ नका. ऑफिसांतून निघालेला जुना मिनी पीसी त्यापेक्षा बरा पडतो. पण चोवीस तास चालू ठेवायच्या बारीकसारीक कामांना याला तोड नाही. सरासरी ५ वॉट धरले तरी महिन्याला साडेतीन-पावणेचार युनिटच जातात.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो पाय-होलचा, म्हणजे घरभरच्या जाहिराती अडवणाऱ्या फुकट प्रोग्रामचा. घरातला कुठलाही फोन किंवा टीव्ही एखाद्या साइटचा पत्ता विचारतो, तो प्रश्न आधी पायकडे येतो. पत्ता जाहिरातवाल्यांच्या यादीत असला तर तिथंच नकार. बसवायला अर्धा तास पुरतो, खरी डोकेदुखी राउटरची असते. केबलवाल्यानं दिलेल्या कित्येक राउटरमध्ये डीएनएस, म्हणजे साइटचा पत्ता सांगणारा सर्व्हर, बदलायची सोयच नसते. आमच्यातही नव्हती. मग राउटरचा डीएचसीपी (घरातल्या फोन-टीव्हींना नेटचे पत्ते वाटणारी सोय) बंद करून तो पाय-होलकडूनच चालवला. एवढं करूनही जाहिराती दिसत असतील तर आयपीव्ही६ (इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) बघा, राउटर त्या वाटेनं स्वतःचा डीएनएस वाटत बसतो. आणि दुसरा डीएनएस म्हणून गुगलचा ८.८.८.८ टाकू नका. दुसरा म्हणजे पहिला बंद पडल्यावरच वापरायचा, असं फोन मानत नाही. मनात येईल त्याला विचारतो आणि निम्म्या जाहिराती परत येतात.

युट्यूबच्या जाहिराती यानं जात नाहीत, कारण त्या व्हिडिओच्याच सर्व्हरवरून येतात. अप्पांचा प्रश्न तेवढाच असतो, "मग कीर्तनाच्या मधे जाहिरात का येतीय?" दुसरी तक्रार बायकोची: गुगलवर सगळ्यात वर येणाऱ्या दुकानांच्या लिंका उघडत नाहीत. त्या लिंका जाहिरातीच्याच असतात, एक ओळ खाली आलं की साइट उघडते. पण हे घरातल्या प्रत्येकाला एकदा समजावून सांगावं लागतं, नाहीतर दर वेळी "तुझ्या त्या डबीमुळं नेट गेलं" हे ऐकायची तयारी ठेवा.

आता इथली खरी गोष्ट. या वस्तूच्या परीक्षणांत प्रोसेसर, रॅम, बेंचमार्क यांवर पानंच्या पानं असतात. सोलापुरात मात्र प्रश्न तीनच: ऊन, सुताचा भुसा आणि लाईट.

पाय ४ चा प्रोसेसर ८० अंशांना पोचला की स्वतःच वेग कमी करतो. एप्रिल-मेमध्ये बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस असतं, बंद खोलीतही फार कमी नसतं. लोक लगेच पंख्याची डबी घ्या म्हणतात. आम्ही राहतो पूर्व भागात, शेजारीपाजारी यंत्रमाग. खिडकी कितीही लावली तरी टॉवेलच्या सुताचे तंतू घरात येतातच, आणि तो एवढासा पंखा ते गोळा करून आठवड्याभरात कुरकुरायला लागतो. ज्यात सगळं कवचच उष्णता बाहेर टाकतं अशी बिनपंख्याची जाड ॲल्युमिनियमची डबी घ्या. तिच्यात मेच्या दुपारी तापमान सत्तरच्या आसपास राहिलं, कामात फरक जाणवला नाही. फक्त डबी टीव्हीच्या कपाटात कोंबू नका, भिंतीला मोकळी लावा.

लाईटचं सांगायचं तर इन्व्हर्टर असला म्हणून निर्धास्त राहू नका. साध्या मोडवर तो बॅटरीवर जाताना क्षणभर खंड पडतो आणि तेवढ्यात पाय रीस्टार्ट होतो. बहुतेक इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असतं, ते आधी दाबा. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस बहुधा १२ व्होल्टचा असतो, पायला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतं. मधे चांगला कन्व्हर्टर नसेल तर तो जोडूच नका. मोबाइलचा कुठलातरी चार्जर लावला तर एसएसडी जोडल्यावर व्होल्टेज पडतं, आणि मग विचित्र चुका दिसायला लागतात, ज्यांचं कारण कुणाच्या लक्षात येत नाही. पायवर vcgencmd get_throttled ही कमांड चालवली की व्होल्टेज पडलं होतं का ते कळतं. उत्तर 0x0 यायला हवं.

पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नाही. लाईट आणि नेट दोन्ही गेलेल्या रात्रीनंतर तो जुन्याच वेळेवर उठतो आणि नेट येईपर्यंत बॅकअपच्या फायलींवर चुकीची वेळ पडते. डीएस३२३१ हे बॅटरीवाल्या घड्याळाचं छोटं मॉड्यूल पिनांवर बसवलं की हे मिटतं. पायची सिस्टीम एरवी मेमरी कार्डावर असते, पण सतत लिहिणं आणि अचानक जाणारी वीज यांपुढं ते टिकत नाही. म्हणून सिस्टीमच एसएसडीवर ठेवली आहे. अडॅप्टर मात्र बघून घ्या, एसएसडी यूएसबीला लावायचे काही स्वस्त सॅटा-यूएसबी जोड पायच्या लिनक्स सिस्टीमवर अडखळतात.

बाकीची कामं थोडक्यात. सांबा हा फायली वाटून घ्यायचा प्रोग्राम टाकून घरात एक सामायिक फोल्डर केलं. भावाचा छोटा टॉवेलचा कारखाना आहे, त्याची डिझाईनं, बिलं, रंगांचे फोटो आता पेनड्राइव्हवर फिरत नाहीत. कारखान्यातून उघडायला टेलस्केल वापरतो, ते दोन्हीकडची उपकरणं नेटवरून खासगी जाळ्यात जोडतं. आमच्या नेटला स्वतंत्र सार्वजनिक आयपी नाही, त्यामुळं राउटरमध्ये पोर्ट उघडून काही होत नव्हतं. टेलस्केलला त्याची गरज पडत नाही. फोल्डरची प्रत रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर जाते. एकाच डिस्कवर विसंबून धंद्याची कागदपत्रं ठेवू नयेत, मग ती पायची असो वा लॅपटॉपची.

प्रिंटरचं काम अनपेक्षित गोड निघालं. एचपीचा जुना लेझरजेट १०२० फक्त यूएसबीचा. त्याला चालू केल्यावर दर वेळी फर्मवेअर (त्याचा आतला प्रोग्राम) पाठवावं लागतं, ते पाय करतो, आणि कप्स या प्रिंटिंगच्या प्रोग्राममुळं मुलांच्या फोनवरूनही प्रिंट निघते. पण प्रत्येक जुना प्रिंटर चालेल असं नाही. कॅननच्या एलबीपी २९०० चा कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर एआरएमसाठी, म्हणजे पायमधल्या जातीच्या प्रोसेसरसाठी, नाही, त्यावर वेळ घालवू नका.

घरातले सिनेमे टीव्हीवर दाखवणारं जेलीफिन टाकून पाहिलं. टीव्हीला चालतो तोच फॉरमॅट असेल तर सिनेमा सुरळीत. रूपांतर करायची वेळ आली की दम संपतो. मी ते काढून टाकलं.

मित्र पाय ५ घेऊ का विचारतात. वेग दुपटीहून जास्त आहे, घड्याळ अंगचंच आहे, त्याची बटणबॅटरी तेवढी वेगळी घ्यायची. पण पूर्ण ताकदीला अडॅप्टर ५ व्होल्ट ५ अँपिअरचा लागतो आणि तापतोही जास्त. वरच्या कामांना पाय ४ पुरून उरतो. माझ्याकडं ४ जीबीतली निम्मी रॅम रिकामी पडलेली असते, म्हणजे २ जीबीचाही चालला असता. नुसत्या जाहिराती अडवायच्या असतील तर पायचाच छोटा भाऊ झिरो २ डब्ल्यू पुरतो. त्याला लॅन पोर्ट नाही, वायरनं जोडायचा तर मायक्रो यूएसबीतून लॅनचा जोड घ्यावा लागतो, तो खर्च आधीच धरा.