धंतोलीत ऑपरेशनची चौकशी करणारी बाई भेटली, तर

आईच्या मेंदूतली गाठ काढली. गाठ साधी निघाली, एमआरआय चांगला आला, पण डोकेदुखी काही जाईना. टाक्यांच्या बाजूला ठणका, कानशिलात ओढ, जांभई दिली तरी कळ. अशी दुखणी हेरणारी माणसं नागपुरात फिरताहेत, म्हणून लिहिते आहे.

धंतोलीत औषधाच्या दुकानाबाहेर आई-बाबा ऑटोची वाट पाहत होते. आईचा स्कार्फ पाहून एक बाई जवळ आली. "काकू, डोक्याचं ऑपरेशन झालं का जी? माझ्या सासूलेबी असंच होतं." सासूचं रात्र रात्र जागणंही तिनं सांगितलं. मग इतवारीतल्या एका 'वैद्या'चा पत्ता दिला.

तिथे चिठ्ठीवर जडीबुटींची नावं, शेवटी एक भस्म. भाव विचारला तर नुसतं "एकशे ऐंशी". सगळं कुटून एकत्र झाल्यावर कळलं, भाव ग्रॅमचा होता! बिल ३४,००० रुपये. "कुटलेला माल वापस होत नाही," आणि दाराशी दोन माणसं उभी. बाबांनी यूपीआयने पैसे भरले. पावती नाही.

पैशांपेक्षा भयंकर होता तो सल्ला: "फिटच्या गोळ्या बंद करा, त्यानंच डोकं दुखते." त्या गोळ्या एकदम सोडल्या तर फिट येऊ शकते. नशीब, बाबांनी त्या चालूच ठेवल्या.

पुडीनं दुखणं लगेच थांबलं. मग चेहरा सुजला, शुगर चढली. डॉक्टरांना स्टेरॉइडच्या भेसळीचा संशय आला. अशी पुडी बरेच दिवस पोटात गेली असेल तर तीही मनानं एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांनी नीट समजावलं. ऑपरेशनमध्ये डोक्याच्या कातडीतल्या नसा, कानशिलाचा स्नायू दुखावतो. काहींचं डोकं ३ महिन्यांनंतरही दुखत राहतं आणि त्यावर वेगळे उपचार आहेत. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस घेतल्या तर त्यांनीही डोकं दुखतं. ताप, उलट्या, गुंगी, नाकातून किंवा जखमेतून पाण्यासारखा स्राव दिसला तर मात्र तडक कॅज्युअल्टी गाठायची.

त्या 'वैद्या'च्या कार्डावर छापलंय, 'मेंदूचे सर्व आजार मुळापासून बरे'. १९५४ च्या जादूटोणा-औषध जाहिरात कायद्यात मेंदूच्या आजारांवर असा दावा करायला मनाई आहे. कार्डाचा फोटो, यूपीआयची नोंद आणि उरलेली पुडी आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे दिली, पोलिसांतही तक्रार केली. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तुमच्याकडे अशी पुडी असेल तर फेकू नका, तक्रारीसोबत द्या.