२४ अंड्यांचं इन्क्युबेटर : सात महिने वापरल्यावर, एका अडलेल्या पिल्लासकट

अंडी उबवायच्या या यंत्राचा पंखा, टर्नर (अंडी आपोआप फिरवणारा भाग), डिजिटल डिस्प्ले हे सगळं तुम्हाला माहीत आहे, ते परत लिहीत नाही. सात महिन्यांत पाच खेपा काढल्या, सगळ्या कोंबडीच्या अंड्यांच्या. चौथ्या खेपेपर्यंत मी या यंत्राला एक स्टार द्यायच्या तयारीत होतो. आज तीन देतोय. उरलेले दोन कापले, कारण पाणी घालायचं भोक बाहेरून दिलेलं नाही.

हो, तेवढ्यासाठी दोन स्टार. पाण्याची पन्हळ आत तळाशी. पाणी घालायचं तर अख्खं झाकण उचला. पहिले १८ दिवस त्याने फारसं बिघडत नाही, खुडूक कोंबडीसुद्धा रोज थोडा वेळ उठून जातेच. पण १८व्या दिवशी टर्नर काढून आपण आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर नेतो, झाकण बंद ठेवतो आणि देव पाण्यात घालून बसतो. नेमकी तेव्हाच ती पन्हळ दीड दिवसात कोरडी पडते. झाकण उचललं की आतली सगळी वाफ भस्सकन बाहेर.

सर्व्हिसला फोन केला. तिकडून उत्तर आलं, "साहेब, शेवटचे तीन दिवस झाकण अजिबात उघडायचं नाही." म्हटलं, "मग पाणी कुठून घालू?" थोडा वेळ शांतता. मग, "आधीच भरून ठेवायचं." बाकी फोनवर मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तापमानाचं कौतुक मात्र करायला हवं. ३७.५ लावलं की ३७.५. तापाच्या थर्मामीटरने तीन कोपऱ्यांत तपासलं, फरक नगण्य. टर्नर कुरकुरतो, पण फिरतो.

आता दुसरी खेप. एका अंड्याला टोच पडली, म्हणजे पिल्लाने आतून चोच मारली, भोक दिसलं, आणि पुढे सहा-सात तास काहीच नाही. माझे हात शिवशिवले. चिमट्याने कवच सोलायला घेतलं आणि कवचाखालच्या पापुद्र्यातून रक्त आलं. पिल्लू बाहेर आलं ते पोटाखाली बलक लोंबत. रात्र काढली नाही त्याने. दोष पूर्ण माझा. टोच मारल्यावर पिल्लू स्वस्थ बसतं ते थकून नव्हे. आधी ते आतल्या हवेच्या पोकळीत चोच घालून फुप्फुसाने श्वास घ्यायला लागतं, मग कवच फोडतं. त्यानंतरही पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त अंगात ओढून घ्यायचं असतं, उरलेला बलक पोटात घ्यायचा असतो. त्याला १२ ते २४ तास सहज लागतात. मी मध्येच दार तोडून आत शिरलो होतो.

म्हणून चौथ्या खेपेत हाताची घडी घालून बसलो. विसाव्या दिवशी संध्याकाळी एका अंड्याला टोच पडली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाकीची पिल्लं बाहेर, हे तिथल्या तिथे. मधल्या वेळात सुकलेली पिल्लं काढायला आणि पाणी घालायला मी चारदा झाकण उघडलं होतं. २६ तास झाले. मुलगी काचेला कान लावून म्हणाली, "बाबा, मघाशी ओरडत होतं, आता नाही ओरडत."

उघडून बघितलं. भोकाच्या कडेचा पापुद्रा एरवी ओलसर, पांढरा असतो. हा पिवळट, कडक, वाळलेल्या कागदासारखा. आत चोच हलत होती, पण डोकं फिरवायला जागाच नव्हती. पापुद्रा वाळून अंगाला आवळून बसलेला. अडलेली बाळंतीण असते तसं अडलेलं पिल्लू. हे आपणहून निघालं नसतं.

हात धुतले, कापसाच्या काडीने खोबरेल तेल पापुद्र्याला लावलं. नाकपुड्यांना लागू दिलं नाही. तेल लागलं की पापुद्रा पारदर्शक होतो आणि खाली काय चाललंय ते कळतं. कळलं : एका बाजूला लाल बारीक शीर अजून भरलेली. तिथेच थांबलो. भोकाभोवतीचं कवच तेवढं हरभऱ्याच्या डाळीएवढं काढलं, अंडं परत आत. चार तासांनी परत बघितलं, शीर फिकट झालेली. मग पिल्लू स्वतः जसं कापत जातं तसं अंड्याच्या रुंद टोकाला वळसा घालत थोडं थोडं कवच उचललं. चिमटा नाही, नखानेच. रक्ताचा ठिपका दिसला की बंद, असं ठरवलं होतं. दिसला नाही. डोकं मोकळं झाल्यावर टोपीसारखा वरचा तुकडा काढला आणि बाकीचं अंगावर तसंच ठेवलं. शेवटची लाथ त्याची त्यालाच मारू द्यायची. पाऊण तासाने मारली. बेंबी कोरडी, पाय सरळ.

त्या रात्री मी इथे पाण्याच्या त्या न दिलेल्या भोकावर चार परिच्छेद लिहिणार होतो. पण आधी म्हटलं, डिस्प्ले आर्द्रता तरी खरी दाखवतोय का बघू. बाटलीच्या झाकणात मीठ घेतलं, थेंब थेंब पाणी घालून चिखलासारखं केलं, डब्यात सेन्सरजवळ ठेवून डबा घट्ट बंद केला आणि रात्रभर तसाच ठेवला. आत ७५ टक्के यायला हवं, मिठाचा तो गुणच आहे. डिस्प्लेवर ८७. म्हणजे मी ६७ समजत होतो तेव्हा आत ५५ होतं! वही काढली. ५८ ग्रॅमचं एक अंडं १८ दिवसांत साडेनऊ ग्रॅमने हलकं झालेलं. जायला हवं होतं सात-साडेसात. चारही खेपा मी अंडी सुकवत होतो आणि शिव्या भोकाला घालत होतो.

बरं, भोकाचा दोष कमी झाला म्हणून तो माफ होत नाही. सेन्सर बदलायला यंत्र पाठवा म्हणाले, जाण्यायेण्याचा खर्च माझा. चुकीचा सेन्सर त्यांचा आणि भाडं मी भरायचं! नाही पाठवलं. डिस्प्लेवर मार्कर पेनने 'वजा १२' लिहून टाकलं, आणि आता डिस्प्लेपेक्षा तराजूवर जास्त विश्वास ठेवतो. झाकणाच्या हवेच्या छिद्रातून फिश टँकच्या पंपाची उरलेली नळी आत पन्हळीपर्यंत सोडली, बाहेरच्या टोकाला सुई काढलेली सिरिंज. कोमट पाणी आत, झाकण जागच्या जागी. दुसरं छिद्र उघडंच ठेवा, टोच पडल्यावर पिल्लांना हवा जास्त लागते. मला या जुगाडाला दहा मिनिटं लागली. कारखान्यात दोन लागली असती.

पाचव्या खेपेत फळ धरलेल्या २१ अंड्यांतून १९ पिल्लं, एकालाही हात लावावा लागला नाही. सुकलेली पिल्लंही मी आत तशीच राहू दिली. पोटातल्या बलकावर त्यांचे दोन दिवस आरामात निघतात, घाई आपल्यालाच असते.

सहावी खेप परवा लावली. झाकणावर मुलीने चिकटपट्टी लावून त्यावर लिहून ठेवलंय : 'बाबा, नाही.'