नामिबियात दोन आठवडे, चार तारे

नामिबियातल्या जंगली प्राण्यांच्या निवारा केंद्रात स्वयंसेवक म्हणून काम करायचं ठरवलं, तेव्हा घरी पाच म्हशी असताना शेण काढायला नामिबियात कशाला, असं तासगावात सगळ्यांनी चिडवलं. पहिले दोन दिवस खरंच मांस तोडणं आणि पाण्याची भांडी घासणं. तिसऱ्या दिवशी जाळीपलीकडचा चित्ता घुरघुरला, अगदी आमच्या मनीसारखा! त्याला सिंहासारखी डरकाळी फोडताच येत नाही. वॉर्टहॉग म्हणजे सुळेवालं डुक्कर, ते पुढचे गुडघे टेकून चरतं, जणू नामदेव पायरीवर डोकं ठेवतंय. बबून माकडाच्या पिल्लानं माझ्या खिशातलं भडंग पळवलं (चूक माझीच). चित्त्याला कवटाळून फोटो काढू देत नाहीत, ते पटलं. जेवण फिक्कं, लसणाची चटणी न्याच. विमानतळावरून नेण्याचे पैसे वेगळे, हे बुकिंगवाल्यानं सांगितलंच नव्हतं; त्याचा एक तारा कापला.