ई-इंक रीडर: आधी स्वतःच्या फाइल बघा

ई-इंक रीडर, म्हणजे कागदासारखा पडदा असलेलं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, घेणारा बहुतेकदा पहिलं विचारतो, रंगीत घेऊ की काळा-पांढरा? मी उलट विचारतो, तुम्ही वाचता काय? कथा-कादंबऱ्या असतील तर सहा-सात इंचांत काम भागतं. ईपब या ई-पुस्तकांच्या फाइलमध्ये अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने जुळतात. पीडीएफचं पान मात्र ठरलेलं असतं. ए4 आकाराचं पान सहा इंचांवर उघडलं की अक्षरं मुंग्यांएवढी दिसतात, आणि झूम केलं तर प्रत्येक ओळीला पान डावीकडून उजवीकडे सरकवत बसायचं.

माझं निम्मं वाचन स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांचं, म्हणून 10.3 इंची घेतला. गेले कित्येक महिने रोज हातात असतो. याच्या पडद्याची घनता 227 पीपीआय, म्हणजे एका इंचात तितके ठिपके. लहान रीडरना आता सर्रास 300 असते. आकडे वाचून धास्ती वाटते, पण प्रत्यक्षात फरक कळतो तो तळटिपांतल्या बारीक जोडाक्षरांत. त्याहून कितीतरी उपयोगी पडली ती समास छाटायची सोय. कोरीडर हे मोफत सॉफ्टवेअर ज्यावर चालतं अशा यंत्रावर तर हे काम फारच सुखाचं होतं. आडवं पडून एवढा मोठा रीडर एका हाताने धरून वाचायची सवय असेल, तर मात्र मनगट लवकरच तक्रार करतं.

स्कॅनमध्ये ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून केलेला मजकूर) नसेल तर शोध नाही, शब्दकोश नाही. युनिकोड ही सर्व लिप्यांची समान संगणकीय पद्धत येण्याआधीच्या फाँटांतल्या पीडीएफ त्याहून फसव्या. पडद्यावर स्वच्छ मराठी, पण शब्दावर बोट दाबलं की आतून रोमन अक्षरांची खिचडी निघते. यात यंत्राचा काही दोष नाही. महागडा रीडर घेऊनही हे सुटत नाही.

रंगीत पडदाही वापरून पाहिला. कॅलिडो 3 या रंगीत ई-इंक पडद्यात काळा मजकूर 300 पीपीआयचा, रंग मात्र 150 चे. वर रंगगाळणीचा थर असल्यामुळे पान करडं दिसतं, मग पडद्याचा दिवा वाढवावा लागतो. नकाशे, चित्रकथा वाचणाऱ्यांनी जरूर घ्यावा. नुसता मजकूर वाचणाऱ्याने का घ्यावा, मला कळत नाही.

बॅटरीही वापरावरच ठरते. एकदा उमटलेलं पान टिकवायला ई-इंकला वीज लागत नाही, ती लागते पान बदलताना, शिवाय दिव्याला आणि वायफायला. म्हणून बॅटरी ‘आठवडेच्या आठवडे’ टिकते हा कंपन्यांचा दावा दिवा मंद आणि वायफाय बंद ठेवणाऱ्यालाच अनुभवता येतो. अँड्रॉइडवाले रीडर त्यामानाने लवकर उतरतात. मागच्या पानाची पुसट सावली राहते तिचा मला त्रास नाही; काही पानांनी एकदा पूर्ण रिफ्रेश लावून ठेवलाय.

पेनने समासात लिहायचं असेल, तर घेण्याआधी एक तपासा: लिहिलेलं मूळ पीडीएफमध्येच राहतं की वेगळं एक्सपोर्ट करावं लागतं? माझ्याकडे करावं लागतं, आणि दर वेळी कंटाळा येतो.